एकशे एकोणऐंशी दिवस

बाईंच्या कमरेला चमचा खोचलेला असायचा. किल्ल्यांचा जुडगा नाही, चमचा. साधा स्टीलचा, दांडा जरा मागं वाकलेला. निऱ्यांशेजारी तो खोचून त्या दिवसभर फिरायच्या आणि कोणाचा राग आला की काढून त्याच्या नाकासमोर नाचवायच्या. मी पहिल्या दिवशी गेले तेव्हा माझ्याही नाकासमोर नाचवला. मला वाटलं, ही बाई वेडी आहे. पुढं आठ महिने त्यांच्या हाताखाली काढले, तरी हे मत फारसं बदललं नाही.

आदिलाबादहून बेल्याकडं जाताना, गाव यायच्या आधी डाव्या हाताला, कपाशीच्या शेतात पत्र्याच्या दोन बैठ्या चाळी आहेत. तोच आमचा वृद्धाश्रम. वृद्धाश्रम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं बाकावर बसून गप्पा हाणणारे म्हातारे येतात. आमच्याकडं तसलं काही नाही. आमच्याकडं खाटेवरचे येतात. लकवा मारलेले, कंबर मोडलेले, घास तोंडापर्यंत नेता न येणारे. तेव्हा अशी सोळा माणसं होती आणि त्यांच्या व्यवस्थापक म्हणजे बाई. आज त्या जागेवर मी आहे.

या जागेवर यायला काय काय लागतं, असं पोरी मला विचारतात. मी सांगते: कोणतीही पदवी, एक वर्षाचा डिप्लोमा, आणि चालू व्यवस्थापकाच्या हाताखाली एकशे ऐंशी दिवसांचं प्रशिक्षण. संस्थेचा तसा नियमच आहे. शेवटी त्या व्यवस्थापकानं प्रमाणपत्रावर सही करायची, की झालं. हे मी पाढे म्हटल्यासारखं सांगते. तुम्हाला कोणी सही दिली, असं एखादीनं विचारलं की चहा मागवते.

डिप्लोमा मी टपालानं केला. हैदराबादहून चार पुस्तकं आली, इंग्रजीतली. एकात आग लागल्यावर म्हाताऱ्यांना कोणत्या दारानं बाहेर काढायचं त्याचे बाण काढलेले. दुसऱ्यात वृद्धांशी संवाद कसा करावा याचे चौदा मुद्दे. मी चौदाही पाठ केले, आदिलाबादला जाऊन परीक्षा दिली आणि फर्स्ट क्लासात पास झाले. बाबांनी अख्ख्या गावात पेढे वाटले. बाबा शाळामास्तर. त्यांचे वडील दुसऱ्याच्या शेतात सालदार होते, मालकाच्या अंगणात उकिडवं बसून त्यांचं आयुष्य गेलं. आमच्या घरात खुर्ची या शब्दाला काय वजन आहे ते बाहेरच्याला कळायचं नाही. बाबा म्हणाले, काम कोणतंही असो, तुझ्या नावाची खुर्ची असली पाहिजे.

आणि त्या खुर्चीचं बाईंनी काय करून ठेवलं होतं? मी ऑफिसच्या खोलीत पाय ठेवला तर व्यवस्थापकाच्या खुर्चीवर धुतलेली फडकी वाळत होती. पाठीवर चादर, दोन्ही हातांवर लंगोट. बाई स्वतः आत एका म्हाताऱ्याच्या खाटेशेजारी पाटावर बसलेल्या, मांडीवर रजिस्टर. जो माणूस सगळ्यात नवीन आला असेल त्याच्या उशाशी त्यांचं ऑफिस. दुसरा आला की पाट उचलून त्याच्याकडं. संस्थेचे अध्यक्षसाहेब आले तरी त्यांना तिथंच यावं लागायचं. मला त्या फडक्यांचा जो राग आला तो मी आयुष्यात विसरणार नाही. माझ्या बापानं जिच्यासाठी पेढे वाटले तिच्यावर यांनी लंगोट घातले होते.

बाईंचं शिक्षण दहावी नापास. गणितात गेल्या. त्यानंतर आदिलाबादच्या एका दवाखान्यात आया म्हणून वीसेक वर्षं राबल्या, मग इथं आल्या. एक पुतण्या सोडला तर घरचं कोणी नाही, कोठीला लागून असलेल्या खोलीत राहायच्या. एक पेटी, एक गादी, भिंतीवर कॅलेंडर. त्यांनी मला माझ्या नावानं कधी हाक मारली नाही. पहिल्या दिवशी माझी फाइल उलटीपालटी करून पाहिली आणि तेव्हापासून मी त्यांची ‘डिप्लोमा’ झाले. ओ डिप्लोमा, बेडपॅन आण. ओ डिप्लोमा, त्याची कूस बदल. सोळा खाटांवरून हाच घोष चालायचा. शेवटी म्हातारेसुद्धा मला डिप्लोमा म्हणायला लागले.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला एका रिकाम्या खाटेवर आडवं केलं. हात अंगाखाली घे म्हणाल्या. मग स्वयंपाकीण आली. ना ओळख ना पाळख. तिनं वाटीतल्या ज्वारीच्या, ताक घातलेल्या कण्या मला भरवायला घेतल्या. तिला तसं सांगूनच ठेवलं असणार, कारण एक घास गिळायच्या आत ती दुसरा कोंबायची. चमचा दातावर आपटायचा. ताक हनुवटीवरून मानेत उतरलं, कण्या नाकाशी आल्या. मी हात सोडवून उठून बसले आणि चक्क रडायला लागले.

“तुले उठता येते म्हून तू उठली,” बाई म्हणाल्या. “यायले उठता येत नाई. जाय, तोंड धू.”

चौदा मुद्द्यांत हे नव्हतं. त्या रात्री मी घरी फोन करून बाबांना सांगितलं की ही बाई माझा छळ करते. बाबा म्हणाले, सहा महिने कळ काढ, सही झाली की ती कोण आणि तू कोण.

बाईंचं सगळं शास्त्र गळ्याशी होतं. भरवताना हाताकडं बघायचं नाही, चमच्याकडं बघायचं नाही, माणसाच्या गळ्याकडं बघायचं. घाटी वर जाऊन खाली आली की मगच पुढचा घास. काही म्हातारे घास गालात धरून ठेवतात, आपल्याला वाटतं जेवले, आणि तासाभरानं तोच घास श्वासात जातो. म्हणून त्या प्रत्येक जेवणानंतर चमच्याच्या मागच्या बाजूनं गाल चाचपायच्या. तो कमरेचा चमचा त्यासाठीच. रजिस्टरमध्ये शेवटचा रकाना होता, किती खाल्लं. त्यात तीनच शब्द चालायचे: पूर्ण, अर्धं, नाही. बाईंच्या रजिस्टरमध्ये पानंच्या पानं ‘अर्धं’ असायचं. अध्यक्षसाहेबांना ते खटकायचं. अनुदान देणारे काय म्हणतील, आपण काय उपाशी ठेवतो का लोकांना, असं ते म्हणत. बाई म्हणायच्या, साहेब, म्हातारा मानूस कधी पूर्ण जेवते काय. जेवढं पोटात गेलं तेवढं लिहते.

लिहिण्याचं त्यांना एवढं का, ते एकदा डाळ निवडताना त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील ज्या दवाखान्यात वारले तिथं खाटेला तक्ता टांगलेला होता. रोज त्यावर बरोबरच्या खुणा व्हायच्या. बाई तेव्हा लहान, इंग्रजी येत नव्हतं, त्यांना वाटायचं औषधाच्या खुणा आहेत. पुढं स्वतः आया झाल्यावर कळलं की ती खूण म्हणजे जेवण भरवलं. आणि वडिलांचं ताट तर रोज खाटेखाली तसंच झाकलेलं असायचं, मांजर खायचं. हे सांगून झाल्यावर त्यांनी सुपातला एक खडा बाहेर टाकला आणि मला म्हणाल्या, हात चालव. मी हात चालवला. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त कंटाळा आला होता.

कारण माझे दिवस पुढं सरकत नव्हते. बाई माझे दिवस कॅलेंडरवर मोजत नव्हत्या. कोठीच्या दारावर खडूनं रेघ मारायच्या, आणि तीही रोज नाही. संध्याकाळी विचारायच्या, आज कोनाले जेऊ घातलं, किती घोट झाले, कोनत्या गालात धरते. बरोबर सांगितलं तर रेघ. चुकलं, किंवा मी ठोकून दिलं असं त्यांना वाटलं, तर तो दिवस गेला. एकशे ऐंशी रेघा झाल्याशिवाय सही नाही. सहा महिने उलटून गेले आणि दारावर रेघा होत्या एकशे तीस-पस्तीस.

आता यातली मेख सांगते. संस्थेनं ठरवलं होतं की यापुढं व्यवस्थापक डिप्लोमावालाच हवा, अनुदानाच्या अर्जात तसा रकानाच होता. अध्यक्षसाहेबांनी मला आधीच सांगून टाकलं होतं की तुझं प्रशिक्षण संपलं की जागा तुझी. त्याच आठवड्यात बाईंनाही सांगितलं होतं. म्हणजे बाई मला शिकवत होत्या, आणि मी शिकून झाले की त्यांना ती खोली, ती खुर्ची, तो पाट सोडून जायचं होतं. माझ्या कागदावरची त्यांची सही म्हणजे त्यांच्याच हकालपट्टीचा हुकूम. हे दोघींनाही ठाऊक होतं आणि दोघीही त्यावर चकार शब्द काढत नव्हतो. स्वयंपाकीण मात्र रोज माझ्या कानाशी लागायची की बाई मुद्दाम रेघा खाऊन राह्यली, ते तुले सही देत नाई पाह्यजो. माझा त्यावर विश्वास बसत गेला. विश्वास ठेवणं सोयीचं होतं.

पार्बताबाईंचं सांगायचं राहिलं. भीमपूरकडच्या शेतकरी घरातल्या, ऐंशीच्या पुढच्या, उजवी बाजू गेलेली. त्या आल्या तेव्हा त्यांना मी भरवायला बसले, तर त्यांनी आधी माझं गाव विचारलं, मग आडनाव विचारलं, आणि तोंड मिटून घेतलं. मला काही नवीन नव्हतं. मी वाटी घेऊन उठले आणि स्वयंपाकिणीला द्यायला निघाले. बाईंनी मला दारातच अडवलं. पार्बताबाईंच्या खाटेशी जाऊन म्हणाल्या, “इथं हेच पोरगी जेऊ घालते. भूक लागन तवा सांगजा.” दोन जेवणं तशीच परत गेली. बाईंनी रजिस्टरमध्ये दोनदा ‘नाही’ लिहिलं. पार्बताबाईंचा मुलगा भांडायला आला तर त्यालाही तेच सांगितलं. तिसऱ्या वेळी पार्बताबाईंनी तोंड उघडलं. पुढं तर त्या माझ्याशिवाय कोणाच्या हातचं खाईनात. घास डाव्या गालात धरायच्या आणि मी ‘घ्या’ म्हटल्यावरच गिळायच्या. माझ्या निम्म्या रेघा त्यांच्यामुळंच झाल्या असतील.

तर त्या पार्बताबाईंना मेल्यावर मी जेऊ घातलं.

त्या गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी होती. अनुदानासाठी हैदराबादचे साहेब येणार होते. दारावर रेघा होत्या एकशे एकोणसाठ. मला एकवीस दिवस हवे होते आणि मी पार वैतागले होते. चादरी बदला, फरशी पुसा, बोर्ड पुसा, फायली लावा. दुपारी तीनला मी रजिस्टर पुढं ओढलं आणि सोळा माणसांचे संध्याकाळचे रकाने एका बैठकीत भरून टाकले. सहा वाजता जेवण, सगळ्यांना ‘पूर्ण’. सात वाजता औषध, दिलं. आठ वाजता, झोप शांत. डिप्लोमाच्या पुस्तकात नमुन्याचा तक्ता होता, तो असाच दिसायचा. मला तर ते पान बघून बरंच वाटलं.

साडेचारच्या आत पार्बताबाई गेल्या. काही त्रास नाही, कूस बदलायला गेले तर गेलेल्या. डॉक्टर बेल्याहून आले, त्यांनी चार वीसची वेळ लिहून दिली. बाईंनी स्वतः त्यांना आंघोळ घातली, मुलगा गाडी घेऊन आला, बाई गाडीत बसून त्यांच्या गावाला मातीला गेल्या. कोणी खाटेवरचं गेलं की त्या जायच्याच. रोज सकाळी सहाला रजिस्टर तपासायच्या, त्या दिवशी तपासायला त्या नव्हत्या. मला रात्री आठवलं होतं, खोटं कशाला सांगू. खोडलं तर खोडल्याचं दिसेल म्हणून तसंच ठेवलं.

साहेब सकाळी आले तेव्हा बाई नुकत्याच परतल्या होत्या, पायाला चिखल तसाच. ते साहेब तरुण होते, तेलुगू माणूस, आमच्याशी हिंदीत बोलत होते. मृत्यूचा कागद एका हातात आणि रजिस्टर दुसऱ्या हातात घेऊन त्यांनी दोन्ही वेळा ताडून पाहिल्या.

“ये अम्मा चार बीस को गुजर गये,” ते म्हणाले, “फिर छे बजे पूरा खाना कैसे खाये?”

 मग त्यांनी पुढचा रकाना बघितला आणि स्वतःशीच पुटपुटल्यासारखं म्हणाले की आठ बजे चैन से सो गये. त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती. असती तर बरं झालं असतं.

अध्यक्षसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. अक्षर माझं आहे हे सगळ्यांना दिसत होतं. त्यांनी विचारलं, आधीच भरून ठेवायला तुला कोणी सांगितलं? प्रश्नच असा होता की त्याच्यात दार उघडं ठेवलेलं होतं. कोणी सांगितलं. म्हणजे कोणीतरी सांगितलं असणार. त्यांना कोणाचं नाव हवं होतं ते मला कळलं. एकवीस दिवस डोळ्यांपुढं आले, पेढे आले, खुर्ची आली. मनात असंही आलं की ही तर जाणारच आहे, मग माझं कशाला जाऊ द्यायचं.

“बाईंनी सांगितलं होतं,” मी म्हणाले.

बाई दोन हात अंतरावर उभ्या होत्या. त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं नाही. माझ्या गळ्याकडं बघितलं. मी आवंढा गिळला, आणि तो खाली जाईपर्यंत त्या बघत राहिल्या. मग साहेबांकडं वळून म्हणाल्या, “जिम्मेदारी माही हाये, साहेब.” तेवढंच. केलं म्हणाल्या नाहीत, नाही केलं असंही म्हणाल्या नाहीत. अध्यक्षसाहेबांनी ती कबुलीच धरली. पोरीचं प्रशिक्षण संपेपर्यंत बाईंना ठेवायचं आणि मग रजा द्यायची, असं त्यांनी तिथल्या तिथं साहेबांना सांगून टाकलं. माणूस किती हलका असतो ते मला त्या दिवशी समजलं, आणि तो माणूस मीच होते.

दुपारी मी त्यांच्या पाटाशी गेले. माफी मागायला गेले होते की त्या काही बोलतील का ते बघायला, आज सांगता येत नाही. त्यांनी वाटी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, कण्या थंड होऊन राह्यल्या. त्यानंतर तो विषय त्यांनी कधी काढला नाही. शिवी दिली असती, गावभर बोंब मारली असती तर मी भांडून मोकळी झाले असते. त्यांनी मला शिकवणं चालू ठेवलं. सांडलेलं उष्टं कसं पुसायचं, पाठीला फोड यायच्या आधी कातडी कशी दिसते, मेलेल्या माणसाचे डोळे कोणी मिटायचे. रेघा आता रोज पडत होत्या, कारण मी आता घोट मोजत होते. खरोखर मोजत होते. त्या एका दिवसाची रेघ मात्र दारावर नव्हती.

एकशे एकोणऐंशी रेघा झाल्या त्या दिवशी संस्थेनं बाईंचा निरोप ठेवला. तारीख अध्यक्षसाहेबांच्या सोयीची. शाल, नारळ, दोन शब्द. सही देते की नाही यावर स्वयंपाकीण पैज लावायला तयार होती. मी कागद पुढं केला. कागद इंग्रजीत आणि तेलुगूत. बाईंनी विचारलं, दिवस कुठं लिहायचे? मी बोट ठेवलं. त्यांनी जपून, मोठ्या अक्षरात मराठी आकडे काढले, १७९, आणि खाली सही केली. अध्यक्षसाहेब हसून म्हणाले की बाई, एका दिवसानं काय होते, ऐंशी करून टाका. बाईंनी पेनाला टोपण लावलं.

“जेवढे झाले तेवढे लिहले,” त्या म्हणाल्या.

मग अध्यक्षसाहेबांनीच खाली लिहिलं, ‘एक दिवस माफ’, आणि शिक्का मारला. ते प्रमाणपत्र आज माझ्या खुर्चीमागं भिंतीवर आहे. येणारा-जाणारा शिक्का बघतो, आकडा कोणी वाचत नाही. बाईंनी शाल एका म्हाताऱ्याच्या पायांवर टाकली, पेटी ऑटोत घातली आणि भीमपूरकडं पुतण्याच्या गावी गेल्या. नारळ विसरल्या. चमचा नेला.

मी व्यवस्थापक म्हणून पहिल्या दिवशी खुर्चीवरची फडकी काढली, खुर्ची धुतली, वर टॉवेल टाकला. बाबा येऊन तिच्यावर बसून गेले. आता आमच्याकडं छापील रजिस्टर आहे आणि शिकाऊ पोरी येतात. माझ्याकडं एकशे ऐंशी दिवस म्हणजे कॅलेंडरचे एकशे ऐंशी दिवस, रेघाबिघा काही नाही. सगळ्या वेळेत पास होतात. रजिस्टरमध्ये बहुतेक ‘पूर्ण’ असतं. अध्यक्षसाहेब खूश आहेत, अनुदान वेळेवर येतं. पहिल्या वर्षी काही म्हातारे बाई कुठं गेली म्हणून विचारायचे. आता विचारणारे उरले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात पुतण्याच्या गावातल्या आशा सेविकेकडून कळलं की बाईंना लकवा मारला. चार-पाच दिवस मी कामं काढत राहिले. मग एका दुपारी स्कूटी काढली. निघताना दोन वाजले होते. ऑफिसात शिकाऊ पोरगी बसली होती, तिनं संध्याकाळचे रकाने भरून ठेवलेले मला दिसले.  पुढ्यात आलेल्या कागदांवर सह्या केल्या आणि निघाले.

कापूस वेचायचे दिवस होते, गावात चिटपाखरू नव्हतं. बाई ओसरीत खाटेवर होत्या. पुतण्याची बायको वाईट नाही, पण वेचणीला गेल्याशिवाय तिचंही भागत नाही. उशाशी तांब्या, स्टुलावर झाकलेली कण्यांची वाटी, वाटीशेजारी तो चमचा, दांडा मागं वाकलेला. उजवा हात पडलेला. वाटी सकाळपासून तशीच होती. मी फडकं उचललं, बोट लावून पाहिलं, वर पापुद्रा आला होता.

माझ्या तोंडून एकदम सगळं बाहेर आलं. मी म्हणाले, बाई, आश्रमात चला, खिडकीजवळची खाट रिकामी आहे, कागद नको, अर्ज नको, अध्यक्षांना मी सांगते, मी व्यवस्थापक आहे. त्यांनी मला बोलू दिलं. तोंड वाकडं झालं होतं, शब्द जड येत होते, पण एकही शब्द चुकत नव्हता.

“इथं मी उपाशी राह्यली तं उपाशी असते,” त्या म्हणाल्या. “तुह्याकडं उपाशी राह्यली तं जेवल्याचं लिहलं जाईन.”

मला दुपारी पाहिलेले ते रकाने आठवले.  मी रडले नाही, कारण रडायचा हक्क मला नव्हता. उठून चुलीवर वाटीभर पाणी गरम केलं, त्यात कण्या कालवून पातळ केल्या, हात धुतले आणि त्यांच्या चांगल्या बाजूला खाटेवर बसले. चमचा अर्धाच भरला. बाईंनी माझ्याकडं पाहिलं आणि मला वाटलं आता तोंड मिटून घेतील, पार्बताबाईंसारखं. त्यांनी तोंड उघडलं. मी गळ्याकडं बघत राहिले. घाटी वर गेली, थांबली, खाली आली. मग दुसरा. एका घासाला फार वेळ लागत होता. बाहेर ऊन कलत होतं, शेतातून बाया परतायला लागल्या होत्या. अर्धी वाटी झाल्यावर त्यांनी मान फिरवली. मी अजून एक घ्या म्हणाले नाही. चमच्याच्या मागच्या बाजूनं दोन्ही गाल चाचपले, रिकामे होते. पदरानं तोंड पुसलं आणि वाटी झाकली.

“लिही,” त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, बाई, इथं रजिस्टर कुठंय?

त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोप लागली. मी निघायला म्हणून उठले तेव्हा मागून त्यांचा आवाज आला.

“अर्धं झालं, डिप्लोमा. पूर्ण नको लिहू.”